किताब, वतन आणि आमची कादंबरी

हजेरीपट हाती घेतला की मला वाटते, आपण वर्गात नव्हे, एखाद्या जुन्या दरबारात उभे आहोत. "देशमुख." "हजर, सर." "देसाई." "हजर." मग पाच-सहा पाटील, दोन चौधरी, एक महाजन, एक कुळकर्णी, तीन गिरासे, दोन नाईक. मी ज्यांच्या नावापुढे खूण करतो ते सगळे कोणे एके काळचे अधिकार आहेत. देशमुख परगण्याचा मुख्य, देशपांडे त्याच परगण्याचा हिशेबनीस. पाटील गावचा मुख्य, कुळकर्णी गावचे दप्तर राखणारा. चौधरी आणि महाजन पेठेचे नाहीतर जमातीचे पुढारी. गिरासे हे नाव तर आमच्या तापीकाठचे खास. ग्रास म्हणजे घास. गावाच्या वसुलातला जो घास बलवान मंडळी हक्क म्हणून तोडून घेत त्याला गिरास म्हणत, आणि घेणाऱ्याला गिरासिया. आज त्या नावाचा मुलगा मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत ताटली घेऊन उभा असतो, आणि घास वाढणारी बाई त्याला दरडावते. काळाचा हा विनोद फारसा कडू नाही. मला तो आवडतो.

पण ह्याच नावांना पुस्तकात जाऊन पाहिले की मात्र मन खट्टू होते. वर्गात ही नावे साधी झाली आहेत. कादंबरीत ती अजून जरीच्या अंगरख्यात उभी आहेत. किताब हा आमच्या ऐतिहासिक कादंबरीचा सर्वांत आवडता दागिना आहे. सेनाखासखेल, सेनासाहेबसुभा, समशेर बहाद्दर, हिंदुराव, हे शब्द पानावर आले की लेखकाची लेखणी ताठ होते आणि वाचकाचा ऊर भरून येतो. हा शब्द कशासाठी होता, त्याचे काम काय, आणि त्या कामाचा खर्च कोणाच्या खळ्यावरून उचलला जात होता, हे विचारण्याची गरज दोघांनाही भासत नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. टीकाशास्त्र मी शिकलेलो नाही. हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात सापडला असता तर सांगायला सोपे गेले असते. तो मला माझ्या एका विद्यार्थ्याने विचारला, आणि तोही माझ्याच पुस्तकाबद्दल. तेव्हा आधी माझाच गुन्हा कबूल करतो.

माझी पहिली कादंबरी सातपुड्यातल्या एका लहान संस्थानिकावर होती. आमच्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, जुन्या पश्चिम खानदेशात, सहा मेवासी संस्थाने होती: काठी, सिंगपूर, नाला, नवलपूर, गव्हाळी आणि चिखली. संस्थाने म्हणजे काय, तर डोंगर, सागाचे जंगल आणि पाड्यापाड्यांनी विखुरलेली भिल्ल वस्ती. इंग्रज सरकारने खानदेशच्या कलेक्टरलाच ह्या नायकांवर पोलिटिकल एजंट म्हणून नेमले होते. मोठ्या संस्थानांच्या इतिहासात ह्यांना जागा नाही. म्हटले, आपण ती जागा करून द्यावी. हेतू वाईट नव्हता. पण राजा उभा करायचा तर त्याला सामग्री हवी, आणि माझ्या डोक्यात जी सामग्री होती ती सगळी देशावरच्या कादंबऱ्यांतून आलेली. मी माझ्या डोंगरी राजाला गादी दिली, लोड दिले, चोपदार दिला, ललकारी दिली. दसऱ्याला दरबार भरवला. राणीवशाला चिकाचे पडदे लावले. पुस्तक बरे खपले. एकदोन ठिकाणी "वैभवशाली चित्रण" असे अभिप्रायही आले.

मोलगीकडच्या एका पाड्यावरून आमच्या शाळेत शिकायला आलेल्या एका मुलाने ते पुस्तक ग्रंथालयातून नेले. परत करताना तो घुटमळला. मी विचारले, "कसे वाटले?" तो म्हणाला, "चांगलं आहे सर." मग जरा थांबून म्हणाला, "सर, तुमच्या राजाच्या गावात होळीचा खड्डा कोण उकरतो?"

मी निरुत्तर झालो. काठीची होळी आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. राजवाडी होळी म्हणूनच तिचे नाव आहे. उंच बांबू आणतात, रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या नि बावा नाचतात आणि पहाटे होळी पेटते. त्या बांबूचा खड्डा अवजाराने खणायचा नसतो, हातांनी उकरायचा असतो. मी ती होळी पाहिली होती. माझ्या कादंबरीतही होळीचे प्रकरण होते. पण त्यात बांबू आपोआप उभा होता. माझा राजा घोड्यावरून येतो, मशाल लावतो, लोक जयजयकार करतात. मातीत गेलेले हात माझ्या प्रकरणात नव्हते.

तेव्हापासून हा मुलाचा प्रश्न मी माझ्या वाचनाचा गज केला आहे. राजा, सरदार, इनामदार आला की मी विचारतो, इथे खड्डा कोण उकरतो? ह्या गजाने मोजले की पुष्कळ नावाजलेली पुस्तके आखूड भरतात, आणि काही साधी दिसणारी पुस्तके उंच ठरतात. पुढे जे लिहिले आहे ते ह्या मोजणीचे टिपण आहे.

युरोपातला सरदार आणि आमचा वतनदार ह्यांत एक मूलभूत फरक आहे, तो आधी पाहू. बेल्जमसारख्या छोट्या देशात आजही सरदारीच्या पायऱ्या शाबूत आहेत: प्रिन्स, ड्यूक, मार्क्विस, काउंट, व्हायकाउंट, बॅरन आणि त्याखाली नाइट. तिथल्या १८३१च्या राज्यघटनेने राजाला किताब देण्याचा अधिकार ठेवला, पण किताबाबरोबर कसलाही विशेष हक्क मिळणार नाही अशी मेख मारून ठेवली. म्हणजे पहिल्यापासूनच शब्द राहिला, घास गेला. त्यामुळे तिथे नाटककार मॅटरलिंक १९३२ साली काउंट झाला, आणि सायकलींच्या शर्यती जिंकणारा एडी मर्क्स १९९६ साली बॅरन झाला, तरी कोणाच्या शेतातला एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही. मॅटरलिंकच्या नाटकांतले राजेही तसेच आहेत. त्यांच्या किल्ल्यांना धुके आहे, पण वसुली नाही. ते राजे इतिहासातले नव्हेत, स्वप्नातले आहेत. त्यांना हिशेब विचारणे हा अरसिकपणा होईल.

आमच्याकडची गोष्ट निराळी. आमच्या पदव्या धुक्यात जन्मल्या नाहीत, कागदावर जन्मल्या. सनद, महजर, कौल, खुर्दखत. युरोपातल्या सरदाराच्या ढालीवर सिंह किंवा गरुड असतो. आमच्या पाटलाची निशाणी नांगर. वतनाचा वाद पडला की गोत जमे, महजर होई, आणि खाली पाटील नांगर काढी, बाकीचे आपापल्या धंद्याच्या हत्याराची खूण करीत. कुळाचा मोठेपणा सांगणारे चिन्ह म्हणजे कामाचे हत्यार, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. वतन हा मान होताच. पण आधी ते काम होते, आणि त्या कामाबद्दल गावाच्या पिकात ठरलेला वाटा होता. काम, वाटा, मान अशी ती तीन पेडांची दोरी. आमच्या बहुतेक कादंबरीकारांनी त्यातला मानाचा पेड तेवढा उलगडून घेतला आणि त्याचा गोंडा केला.

शिवाजीमहाराजांना ही दोरी कुठे काचते ते नेमके कळले होते. त्यांनी फारसी नावे बदलली: पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. ह्या नामांतराचे कौतुक आपल्या पुस्तकांत भरपूर आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ही पदे त्यांनी वंशपरंपरेने दिली नाहीत, आणि पदाबद्दल जहागीर न तोडता रोख वेतन ठरवले. किताबही त्यांनी दिले. कुडतोजी गुजर प्रतापराव झाले, हंसाजी मोहिते हंबीरराव झाले. ते किताब रणात कमावलेले होते. ते मुलाला आपोआप मिळणारे नव्हते.

पुढे राजाराममहाराजांच्या कारकिर्दीत दिवस फिरले. मोगल वतने देऊन माणसे फोडीत होता. इकडूनही वतने देऊन माणसे राखावी लागली. पद, प्रांत, किताब हे सगळे एका गाठोड्यात बांधून बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांविषयी जे प्रकरण आहे ते प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीकाराने टेबलावर ठेवावे असे आहे. वतनदार हा राज्याचा वाटेकरीच, त्याची ओढ नेहमी आपले बळ वाढवण्याकडे, तेव्हा त्याला लोभात आणि धाकात सारखा तोलून धरावा, असे तो मुरलेला कारभारी सांगतो. त्यात किताबाचा दिमाख नाही. किताबाची भीती आहे. आणि सांगणारा स्वतःच त्या वर्गातला! अशी एक ओळखीची भीती आमच्या कादंबऱ्यांत असती तर त्यांचे रक्त दाट झाले असते.

असे नाही की ही जाण आमच्याकडे कधीच नव्हती. हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाला'त ती आहे. सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरच्या मिठाला जागणारे, आणि मुलगा नानासाहेब शिवाजीच्या ओढीने अस्वस्थ. बापलेकांचे हे भांडण वरवर राष्ट्रभक्तीचे वाटते, पण त्याच्या बुडाशी किताबाचाच प्रश्न आहे. ज्याने अधिकार दिला त्याच्याशी इमान, की ज्या भूमीत तो अधिकार गाजवायचा तिच्याशी? रंगराव अप्पांना खलपुरुष न करता हरिभाऊंनी त्यांच्या निष्ठेला वजन दिले, म्हणून नानासाहेबाच्या बंडालाही वजन आले. पुढच्या कितीतरी कादंबऱ्यांत जुन्या दौलतीशी इमान राखणारा माणूस म्हणजे नुसता फितूर. त्यामुळे नायकाचे शौर्य स्वस्त झाले.

आता 'स्वामी'. रणजित देसायांच्या ह्या कादंबरीला १९६२ पासून मराठी वाचकाने जे प्रेम दिले ते मीही दिले आहे. माधवराव आणि रमाबाई ह्यांचे ते हळुवार, अकाली मावळणारे सहजीवन वाचताना ज्याचे डोळे पाणावत नाहीत तो वाचक नव्हेच. पण पाणावलेले डोळे पुसून मी तोच गज लावतो. बाळाजी विश्वनाथांना शाहूमहाराजांनी १७१३ साली पेशवेपद दिले, तेव्हा ती एक नेमणूक होती. १७६१ साली सोळा वर्षांच्या माधवरावांना वस्त्रे मिळाली, तेव्हा ती मिळकत झाली होती. अठ्ठेचाळीस वर्षांत नेमणुकीची मिळकत कशी झाली? राघोबादादांशी झालेला सगळा कलह, आळेगाव काय किंवा धोडप काय, ह्या एका प्रश्नातून उपजलेला आहे. पेशवाई ही नोकरी असती तर काकाने पुतण्याकडे वाटा मागण्याचे कारणच नव्हते.

कादंबरी हा कलह घरातला म्हणून दाखवते, आणि घरातला म्हणून तो हृद्य होतो. परंतु हृद्यतेच्या भरात एक गोष्ट घडून जाते. माधवराव कर्तबगार निघाले, न्यायी निघाले, आणि वाचकाच्या मनात नकळत असे बसते की वारसा हाच शहाणपणा. कर्तबगार वारस हा वंशपरंपरेचा सर्वांत मोठा वकील असतो! थेऊरला १७७२ साली माधवराव गेले, आणि १७७४ साली त्याच गादीची वस्त्रे चाळीस दिवसांच्या तान्ह्या मुलाला द्यावी लागली, हे ज्याने ध्यानी धरले त्याला 'स्वामी'च्या शेवटच्या पानांतली व्यथा आणखी खोल लागेल. माधवरावांचे मरण हे एका तरुणाचे मरण तर होतेच. राज्य एकाच पाळण्याला टांगून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा तो हिशेबही होता. कादंबरी पहिले मरण अप्रतिम रंगवते, आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवते.

ना. सं. इनामदार ह्यांच्याकडे मी अधिक आशेने वळतो. आडनावातच इनाम घेऊन आलेल्या ह्या लेखकाने नायक निवडले ते मात्र वारशाच्या कडेला उभे असलेले: 'झेप'मध्ये जासुदापासून कारभाऱ्यापर्यंत चढलेला त्रिंबकजी डेंगळे, 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर. ज्याला किताब आयता मिळाला नाही त्याच्या डोळ्यांनी दरबार पाहिला की दरबाराची लाकडी चौकट दिसू लागते. इतिहासाने खलपुरुष ठरवलेल्यांना न्याय दिला म्हणून इनामदारांची वाखाणणी होते. मला त्यांचे श्रेय ह्याहून मोठे वाटते. किताबवाल्यांच्या घरात बिनकिताबी माणसाला काय मोजावे लागते, ते त्यांनी दाखवले.

तरीही ही सगळी वरच्या मजल्याची गोष्ट झाली. त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला, आणि तो कादंबरी नाही ही मराठी कादंबरीची नामुष्की आहे असे मला कधी कधी वाटते. पाटील, कुळकर्णी, बारा बलुतेदार, त्यांचे हक्क, मानपान, होळीच्या पोळीचा मान कोणाचा, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, ह्यावरून पिढ्यानपिढ्या चालणारी भांडणे. महसूल खात्यात वावरलेल्या त्या माणसाने हे सगळे तटस्थ नजरेने पाहिले. तो कोठे हळवा होत नाही. ज्या वतनाची मुळे एकदा गावाला धरून होती ती पुढे गावाच्याच गळ्याभोवती कशी आवळली, हे तो हिशेब मांडावा तसे मांडतो.

आणि हिशेबाची दुसरी बाजू 'बलुतं'. दया पवारांचे हे पुस्तक १९७८ साली आले. त्याचे नावच एका वंशपरंपरागत हक्काचे नाव आहे, हे किती वाचकांनी थांबून पाहिले असेल? वतन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाडा उभा राहतो. पण महाराचेही वतनच होते. बिदरच्या बादशहाने दिलेल्या बावन हक्कांची दंतकथा त्या समाजाने पिढ्यानपिढ्या सांगितली. बावन हक्कांची सनद ज्याच्या नावावर, त्याच्या ओंजळीत शिळी भाकर! वतन म्हणून गावाच्या वेठीला बांधलेला हा माणूस सोडवावा म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले. कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. वरच्या वतनदाराला वतन सुटू नये म्हणून झगडावे लागले, खालच्याला ते सुटावे म्हणून. एकाच शब्दाची ही दोन टोके. आमच्या ऐतिहासिक कादंबरीने त्यातले एकच धरले. 'बलुतं' वाचल्यावर मी माझ्या कादंबरीतला चोपदार पुन्हा वाचला. त्याला मी नाव दिले नव्हते.

किताब गेल्यानंतर काय उरते ह्याविषयी मात्र मराठीत एक अव्वल कलाकृती आहे, आणि ती नाटक आहे. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. धरणगावकर देशपांडे. (आमच्या खानदेशातही एक धरणगाव आहे, जिथे औट्रमने १८२५ साली भिल्लांची पलटण उभी केली, नाटकातले धरणगाव विदर्भातले. पण तो वाडा कुठल्याही धरणगावात असू शकतो.) देशपांडेपणाचे काम केव्हाच संपले आहे. परगणा नाही, दप्तर नाही. उरले आहे ते आडनाव, ढासळत चाललेला वाडा, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि तात्याजींच्या तेराव्याला गाव जेवू घातलेच पाहिजे ही धास्ती. एलकुंचवार ह्या घराची टिंगल करीत नाहीत आणि त्यावर गहिवरतही नाहीत. ते एकच करतात: मानाचा खर्च कोण भरते ते दाखवतात. चंदू घरातला भाऊ असून गड्यासारखा राबतो. प्रभाला शिकायचे होते, ते घराच्या अब्रूला मानवले नाही. म्हणजे खालून घास येणे बंद झाल्यावर किताब घरातल्याच दुबळ्या माणसांना खाऊ लागतो. ह्या नाटकात खड्डा कोण उकरतो ते पहिल्या अंकापासून दिसते.

आणि ज्याला मी ह्या विषयावरची सर्वांत सौम्य, आणि म्हणूनच सर्वांत अवघड कादंबरी म्हणेन ती 'बनगरवाडी'. माडगूळकरांचा तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरवाडीत येतो. मी मास्तर असल्यामुळे माझे तिच्यावर थोडे अधिक प्रेम आहे, हे सांगून ठेवतो. औंधचे राजे पंतप्रतिनिधी. प्रतिनिधी हे पद राजाराममहाराजांच्या काळात जिंजीला निर्माण झाले, छत्रपतींच्या वतीने वागणाऱ्या माणसासाठी. पुढे ते एका घराण्याचे नाव होऊन बसले. पण कादंबरीत ह्या इतिहासाचा एक शब्द नाही. वाडीचे लोक आपल्या हातांनी तालीम बांधतात. दगड वाहतात, माती कालवतात. आणि मग राजेसाहेब येतात. आपल्या कादंबऱ्यांत राजा आधी येतो आणि प्रजा त्याच्या मागे उभी केली जाते. इथे आधी भिंत उभी राहते, मग राजा येतो. किताबाला त्याची खरी उंची देण्याची ही रीत माडगूळकरांना कोणी शिकवली नव्हती. त्यांनी ती वाडीत पाहिली होती.

कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे संपलेले आहे. घटनेच्या अठराव्या कलमाने १९५०मध्ये किताब गेले. परगणा आणि कुळकर्णी वतने त्याच साली मुंबई राज्यात कायद्याने रद्द झाली. पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली. संस्थानिकांचे तनखे १९७१च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेले. आता मेलेल्या सापाला काय म्हणून बडवता? माझे उत्तर असे की, बेल्जमने शब्द ठेवला आणि हक्क काढून घेतला. आपण शब्दही काढला, पण शब्दाचा मोह काढणारे कलम अजून लिहिले गेलेले नाही. १९७५ सालच्या 'सामना' चित्रपटात तेंडुलकरांनी आपल्या साखरसम्राटाचे नाव ठेवले हिंदुराव धोंडे पाटील. एके काळचा किताब पाळण्यातले नाव झाला, वतन आडनाव झाले, आणि परगण्याच्या जागी कारखाना आला. ज्याने हे नाव ठेवले त्याला आपला इतिहास कळला होता. आमच्या ऐतिहासिक कादंबरीने रंगवलेला किताब आणि ह्या हिंदुरावाच्या गाडीपुढे झुकणारी मान ह्यांचा संबंध नाही, असे मला म्हणवत नाही. लवायला शिकवणारे वाङ्मय कितीही सुंदर असले तरी ते कोणाच्या तरी उपयोगी पडतच असते.

पुन्हा आमच्या डोंगराकडे येतो. तिथल्या नाईक ह्या शब्दाला केवढा इतिहास आहे! १८५७-५८च्या उठावातला खाज्या नाईक आधी सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा सरकारी नोकर होता. घाट राखणे हे काम, त्याचा पगार हा वाटा, नाईक हा मान. तीन पेडांची तीच दोरी, पण तिला ना जर, ना गोंडा. त्या नाईकाची, त्या मेवासी राजांची कादंबरी मराठीत लिहायची तर देशावरचा दरबार उसना आणून चालणार नाही, हे मला आता कळते. शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे ह्यांची 'स्टेज' नावाची कविता प्रसिद्ध आहे. आमचे दुःख आम्हालाच सांगायला व्यासपीठावर दुसरेच कोणी चढतात, असा तिचा रोख आहे. ती मी अनेकदा टाळ्या वाजवत ऐकली होती. माझ्या कादंबरीनंतर ऐकली तेव्हा टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. त्या व्यासपीठावर चढलेला मीच होतो. वर राजालाही ओढून नेले होते, आणि त्याला दुसऱ्याचा अंगरखा घातला होता.

आमच्या जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. घोड्यांचा मोठा बाजार असतो. मालक घोड्याची जात सांगतो, बाप सांगतो, आजा सांगतो, रंगावरून आणि भोवऱ्यांवरून शुभलक्षणे सांगतो. जाणता गिऱ्हाईक सगळे ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि मग पुढे होऊन घोड्याचे तोंड उघडून दात पाहतो. त्यात घोड्याचा अपमान नसतो. वाचकाने आमच्या सरदारांच्या बाबतीत एवढे केले तरी पुष्कळ होईल.

तो मुलगा दहावी होऊन गेला. मी त्या कादंबरीची नवी आवृत्ती काढायची नाही असे ठरवले आहे. प्रकाशक नाराज आहेत. होळीचे प्रकरण मात्र पुन्हा लिहायला घेतले आहे. संध्याकाळ आहे, बांबू अजून जमिनीवर आडवा आहे, आणि चार माणसे गुडघ्यांवर बसून हातांनी माती काढत आहेत. त्यांतला राजा कोणता, हे मला अजून लिहिता आलेले नाही.